येसूचं तवसं

बरणी फुटली नव्हती. झाकणावरून आडवी बांधलेली लाल फीतसुद्धा जागेवर होती. चिखलाने काळी पडली होती, एवढंच. गीताबाईने पदराने काच पुसली आणि बरणी दाराच्या उजेडात धरली. आत गढूळ पाणी होतं आणि त्या पाण्यात बियांना कोंब आले होते. बंद बरणीत, अंधारात, बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब फुटले होते आणि वाट न मिळाल्याने तिथेच कुजले होते. चिकटवलेल्या कागदावरची शाई पसरली होती, पण अजून वाचता येत होती. 'तवसं. देणार : गीताबाई सकपाळ, आंबेवाडी, ता. पोलादपूर.'

सावित्री नदीचं पाणी ओसरून आठ दिवस झाले होते. महाडच्या पेठेतल्या त्या तळमजल्याच्या खोलीत दोन मजूर फावड्याने चिखल ओढत होते आणि चिखलाबरोबर फुटक्या बरण्या, फुगलेली चवळी, भोपळ्याच्या बिया असं सगळंच रस्त्यावर जात होतं. पाण्याची रेघ पंख्याच्या पात्यांना लागली होती. बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या फलकावर अक्षरं होती : 'आपत्कालीन बियाणे कोठार'.

मुंबईच्या ज्या संस्थेने हे कोठार काढलं, तिचा इथला माणूस दीपेश गमबूट घालून उभा होता. तिशीतला, बोलायला गोड. मावशी, उघडू नका, वास सहन व्हायचा नाही, असं तो म्हणाला. गीताबाईने झाकण उघडलं. कुजलेल्या कोंबांमध्ये बोटं घालून तिने एकेक बी दाबून पाहिलं. एकही घट्ट लागलं नाही.

गीताबाई आंबेवाडीच्या शाळेत मुलांचा भात शिजवायची. बावीस वर्षं तिने तेच केलं होतं. बाकी गावासारखीच तिचीही चार गुंठे वरकस जमीन आणि एक परस. फक्त बियांच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. पहिलं चांगलं फळ ती कधी कापायची नाही, ते वेलावर पिवळं पडेपर्यंत राखायची. बी धुऊन, सावलीत वाळवून, चाळलेल्या राखेत घोळून बाटलीत भरायची आणि बाटली चुलीवरच्या शिंक्यात टांगायची. अक्षय तृतीयेला प्रत्येक बाटलीतल्या दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवायची आणि किती उगवल्या ते मोजायची. सातापेक्षा कमी उगवल्या की ते बी त्या वर्षी मोकळ्या जागेत टाकायचं, लोकांना द्यायचं नाही. कोणी मागितलं की मूठभर द्यायची आणि बजावायची की पुढच्या वर्षी तुमच्याकडचं बी राखा, माझ्यावर राहू नका.

एकवीस सालच्या पावसात आंबेवाडीखालची वाडी दरड कोसळून गेली. रस्ता तुटला तो बावीस दिवस. वाचलेले साठ जण शाळेत राहिले. लोक खांद्यावरून तांदूळ, डाळ, बिस्किटं आणत होते, पण पालेभाजीचं पान नव्हतं आणि लहान मुलांची पोटं बिघडू लागली होती. गीताबाईने शिंक्यातल्या बाटल्या उतरवल्या आणि शाळेच्या पटांगणात माठ, मुळा, चवळी पेरली. अठराव्या दिवशी साठ पानांवर माठाची भाजी पडली. पेपरात दोन ओळी आल्या आणि त्या वाचून वर्षभराने दीपेश डोंगर चढून आला.

खालच्या वाडीत दरडीखाली गेलेल्या सात जणांत येसू होती. गीताबाई आणि ती एकाच माहेरगावच्या, एकाच वर्षी लग्न होऊन या डोंगरात आलेल्या. येसूच्या परसात एक पावसाळी काकडी व्हायची, तवसं. हातभर लांब, फिकट हिरवं, पाऊस कितीही झोडपो, न सडणारं. त्याचं बी तिने कुणाला दिलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र कागदाच्या पुडीत दहा-पंधरा बिया घेऊन ती स्वतःहून आली होती. म्हणाली होती, "ठेव गो तुझ्याकडं. माझ्याकडं उंदीर लय झालेत." दोन महिन्यांनी घरही राहिलं नाही आणि उंदीरही.

दरडीनंतर पहिलं वर्ष गीताबाईला ती पुडी उघडवली नाही. दुसऱ्या वर्षी तिने बी पेरलं, चार वेल आले. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची सगळी तवशी तिने बियांसाठीच राखली. एकही कापलं नाही, कुणाला दिलं नाही. अखेर दोन मुठी बी जमलं.

दीपेशने तिला समजावलं होतं की एका घरात बी ठेवणं धोक्याचं आहे. आग लागली, दरड आली, घूस लागली, की संपलं. कोठारात हवाबंद बरण्या असतील, अडचणीच्या दिवशी कुठल्याही गावाने यावं आणि न्यावं. हे तिला पटलं, कारण ते खरंच होतं. कोठार पाहायला ती लतीफभाईच्या टेम्पोतून महाडला गेली. लतीफ तुडीलचा, आठवड्यातून दोनदा पोलादपूरच्या वाड्यांतून आंबे, फणस, गवताच्या पेंढ्या खाली आणायचा. खोली पाहताच दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नव्या रंगाखालून पुराची जुनी रेघ दिसत होती. हिथं पंख्याला पानी लागलं हुतं साहेब, वरच्या मजल्यावर ठेवा, असं ती म्हणाली. लतीफनेही तेच सांगितलं. दीपेश म्हणाला की वर कार्यालय आहे, प्रशिक्षणाचा हॉल आहे, शिवाय पाहुण्यांना खालची खोली बघायला सोपी पडते. मांडणी सात फूट उंच आहे, काळजी करू नका.

तिने एक मूठ दिली. दुसरी मूठ घरी ठेवली.

यंदा घरची सगळी मूठ तिने मृगाच्या सरींबरोबर पेरली. या वर्षी चार बायकांना बी द्यायचं तिच्या मनात होतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात वरचा बांध फुटला आणि दगडमातीचा लोंढा तिच्या परसातून गेला. सकाळी पाहिलं तर वेलांच्या मांडवाचा एक खांब तेवढा वर दिसत होता.

ती रडली नाही. कोठार आहे की, असं तिला वाटलं. पुन्हा पेरायला अजून पंधरा दिवस हातात होते. त्याच दिवशी तिने दीपेशला फोन केला आणि वीस बिया मागितल्या. दीपेशने हळहळ व्यक्त केली. पण कोठाराचं उद्घाटन अजून व्हायचं होतं, पाहुण्यांची जुलैची अठ्ठावीस तारीख मिळाली होती, सगळ्या बरण्यांना फीत बांधून झाली होती. एक बरणी उघडली तर सगळ्याच गावांना उघडून द्याव्या लागतील, त्याला समितीची मंजुरी लागते. अठ्ठावीसनंतर लगेच देतो, मावशी. तिने पुन्हा फोन केला, मग तिसऱ्यांदा केला. मग एक दिवस स्वतः गेली, तर दीपेश मुंबईला मीटिंगला गेला होता आणि खोलीला कुलूप होतं. खिडकीतून तिला बरणी दिसली. लाल फितीचं छान फूल केलं होतं.

चोवीस तारखेला सावित्री पेठेत शिरली.

कुजलेली बरणी पाहून ती महाडहून लतीफच्याच टेम्पोतून परतली. लतीफनेच घरी गेल्यावर रजियाला, आपल्या बायकोला सांगितलं असणार. चौथ्या दिवशी रजिया टेम्पोत पुढे बसून आंबेवाडीला आली. गीताबाईने सहा वर्षांपूर्वी तिला पडवळाचं आणि लाल माठाचं बी दिलं होतं. ते तिने राखलं होतं, गल्लीत वाटलंही होतं. दोन्ही बाटल्या गच्च भरून तिने पुढे ठेवल्या. पुढच्या आठवड्यात शिराळी एका वाडीतून आली, भेंडी दुसऱ्या वाडीतून, चवळी तर तीन घरांतून आली. तिने जे दिलं होतं ते सगळं चालत परत आलं. जे दिलं नव्हतं तेवढंच आलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर संस्थेने बी देणाऱ्या बायकांना महाडला बोलावलं. बैठक वरच्या मजल्यावर होती. जिना चढून गेल्यावर गीताबाई दारातच थबकली. खुर्च्यांच्या रांगा होत्या, टेबलावर कापड होतं, कोपऱ्यात मशीन थंड हवा सोडत होतं. पुराचा एक शिंतोडासुद्धा इथे आला नव्हता. पन्नास खुर्च्या कोरड्या राहिल्या होत्या.

अकरा बायका आल्या होत्या. प्रत्येकीला रंगीत पिशवी मिळाली. आत कंपनीच्या बियांची पाकिटं, एक प्रमाणपत्र आणि सही करायला एक कागद होता. बायका सह्या करू लागल्या. गीताबाई सातवी शिकलेली होती, सावकाश पण नीट वाचायची. तिने कागद वाचला आणि उभी राहिली. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"'मी कोठारात जमा केलेले बियाणे मला समतुल्य स्वरूपात परत मिळाले असून माझी कोणतीही तक्रार नाही.'" ती थांबली. "दीपेश साहेब, समतुल्य म्हंजी काय?"

दीपेशने सांगितलं, म्हणजे त्याच किमतीचं, त्याच प्रकारचं. काकडीला काकडी.

तिने पाकीट फाडून तळहातावर ओतलं. बिया औषध लावून गुलाबी केलेल्या होत्या. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की या पिकाचं बी पुढच्या हंगामासाठी राखू नये.

"हे राखता येत नाय," ती म्हणाली. "तुमीच सांगत हुता ना, अडचनीला राखून ठेवा. आनि वाटता ते हे. मी वीस बिया मागत हुते, साहेब. माज्याच. तुमी फीत सोडली नायत."

दीपेश खाली बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. तो हळू म्हणाला, "मावशी, सही करा. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मला पन द्यायचं हाय," गीताबाई म्हणाली.

तिने पेन घेतलं. छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली, जागा उरली होती तिथे, एकेक अक्षर काढत लिहिलं : 'येसू श्रीपत उतेकर हिच्या तवशाचं बी. एक मूठ. परत मिळालं नाही.' त्याखाली स्वतःचं नाव आणि तारीख घातली. पिशवी खुर्चीवर ठेवून ती जिना उतरली. तिच्यामागून आणखी दोघी उतरल्या. बाकीच्या आठ जणींनी सह्या केल्या. त्यांना त्यांच्या घरी पेरायला काहीतरी हवं होतं, आणि त्यासाठी गीताबाईने त्यांना कधी बोल लावला नाही.

ती आंबेवाडीला गेली नाही. बिरवाडीला जाणाऱ्या रिक्षात बसली.

येसूचा नवरा श्रीपत दरडीच्या दिवशी कारखान्यात रात्रपाळीला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून तो बिरवाडीतच भाड्याच्या खोलीत राहायचा. वर डोंगरात तो फिरकला नव्हता. गीताबाईला दारात बघून तो गडबडला, चटई झटकून टाकली, पाणी दिलं.

तिने सगळं सांगितलं. पुडी, चार वेल, दोन मुठी, बांध, बरणी. माझ्या हातानं गेलं, भावजी, असंही सांगितलं.

श्रीपत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिनं बी दिलं हुतं तुला? मला म्हाईतच नाय."

"मी बोलले नाय. लय झाल्यावर तुमच्याकडं घेऊन येनार हुते."

"दोन वर्सं धरली तवशी तुझ्याकडं?"

"धरली."

"एक आनायचंस गो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना.

श्रीपत उठला. चहाचं आधण ठेवलं. साखर शोधताना त्याला टोपलीत बाजारातली एक काकडी दिसली, आखूड, गुळगुळीत, गडद हिरवी. ती घेऊन तो परत चटईवर बसला. विळीवर देठाकडचा तुकडा कापला आणि कापलेल्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासू लागला, गोल, सावकाश, कडूपणा उतरवायला तवशाच्या घासतात तशा.

"या काकड्या कडू नसत्यात, भावजी," गीताबाई म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला आणि घासत राहिला. कडेने पांढरा फेस आला. तो त्याने बोटाने निपटला, काकडीच्या चार फोडी केल्या, थाळीत मीठ घातलं आणि थाळी तिच्याकडे सरकवली.