सात गुडघ्यांची खुशाली

माझ्या बायकोच्या गुडघ्याची वाटी जागेवर राहत नसे. रेबेका बालवर्गाची मास्तरीण. पोरांबरोबर जमिनीवर बसायची आणि उठताना पाय जरा वाकडा पडला की वाटी सर्रकन बाहेरच्या अंगाला सरकायची. मग एक हात भिंतीला लावून दुसऱ्या हातानं ती वाटी दाबून जागेवर आणायची आणि पोरांना म्हणायची, "हं, पुढं म्हणा, बे त्रिक सहा." चेहरा पांढराफटक आणि पाढे चालू! हे मला पोरांकडून कळलं, तिच्याकडून नव्हे. त्यावरून मी चार दिवस अबोला धरला होता. तो तिला कळलाच नाही, कारण एरवीही घरात तीच बोलायची.

मी पाथर्डीला डॉक्टर शामकांत यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. साल सेहेचाळीस. डॉक्टर मुंबईला शिकलेले, हाताला यश असलेले. विलायतेहून त्यांच्याकडे डॉक्टरीची मासिकं येत. लढाईच्या दिवसांत ती अडकली आणि मग दोन वर्षांचा गठ्ठा एकदम येऊन पडला. डॉक्टर जेवायचं विसरून ते वाचत बसले.

त्या अंकांत निसटत्या वाटीवरून मोठा वाद चालला होता. काही जण म्हणत, वाटीला खालून धरणारी दोरीसारखी शीर सोडवून जरा आतल्या बाजूला बसवा, म्हणजे वाटी सरळ चालेल. नवे लोक म्हणत, एवढा खटाटोप कशाला? ते हाडच बिनकामाचं आहे. काढून टाका, गुडघा उलट जोमानं चालेल. डॉक्टरांना आधीपासूनच नव्या लोकांचं पटलं होतं. तीन वर्षांत त्यांनी सात वाट्या काढल्या होत्या. एका अंकात मात्र कुणीतरी सशांच्या वाट्या काढून पाहिल्याचं लिहिलं होतं. काही महिन्यांनी त्या सशांचे सांधे आतून झिजलेले निघाले.

"ससा तो ससा," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे सात बोलती माणसं आहेत. त्यांनाच विचारू."

पुण्याला डॉक्टरमंडळींच्या सभेत त्यांना यावरच निबंध वाचायचा होता. मी सातही जणांना कार्डं टाकली. कुणाकुणाकडून लिहून घेतलेली सात उत्तरं आली, आणि सातांचा मजकूर एकच: बरं आहे. डॉक्टर हरखून गेले. आठवी वाटी रेबेकाची, येत्या सोमवारी काढायची ठरली. रेबेकाला दुसरं काही नको होतं. पोरांमध्ये खाली बसता यावं आणि न भिता उठता यावं, एवढंच.

"पण नुसत्या कार्डांवर भागायचं नाही," डॉक्टर शुक्रवारी म्हणाले. "यशया, दोघांना तरी समक्ष बघून ये."

शनिवारी सकाळी सायकल काढून मी तिसगाव गाठलं. सातांतली रंगुबाई दारातच उभी होती. "लई बरं हाय बगा," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "डाक्टरसायबाला सांगा, रंगू हिंडतीया, फिरतीया." तिनं चहा ठेवला, उभ्या उभ्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची चूल कमरेएवढ्या ओट्यावर बांधलेली आहे. तिसगावात काय, साऱ्या तालुक्यात मी उभ्यानं चहा करणारी बाई पाहिली नव्हती.

"चूल वर का घेतली?"

"खाली उंदरं लई झाल्याती," ती म्हणाली आणि चुलीकडे तोंड फिरवलं. मीही वहीत 'बरं आहे' लिहिलं आणि निघालो.

पुढच्या वस्तीवर आसाराम विहिरीवरच भेटला. तोही तेच म्हणाला. आता माझं डोकं तापलं. "बरं असेल तर पायऱ्या उतरून दाखव," मी म्हणालो. तो हसला, इकडं तिकडं पाहिलं, आणि पहिल्या पायरीवर चक्क बसला. मग बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकू लागला. एवढा थोराड नांगऱ्या गडी! तिसऱ्या पायरीवर मीच त्याला थांबवलं.

"उतरताना गुडघा दगा देतो," तो खाली बघत म्हणाला. "आऊत आता धाकला धरतो."

"मग कार्डात बरं आहे कशाला लिहिलंस?"

"डाक्टरावानी मानूस उशाशी बसून हुता माज्या. आपल्या हातानं कण्या भरवल्या त्यानं, माज्या भावानं भरवल्या नसत्या. त्याला दुकतंय म्हनून कसं कळवावं? तुमीच सांगा." मग त्यानं माझा हात धरला. "आन् तुमीबी सांगू नगा. त्याच्या जिवाला लागंल."

परत येईपर्यंत मी मनात दहा वेळा बोलायची तयारी केली. डॉक्टर निबंध लिहीत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय म्हणतात लोक?"

"बरं म्हणतात," मी म्हणालो.

माझ्याच तोंडून हे निघालं. लोकांवर चिडलेला मी, तोच मी! याच माणसानं मला शेजारी बसवून इंग्रजी वाचायला शिकवलं होतं.

घरी रेबेकानं तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, इकडं बघून सांगा." मग सगळं सांगावं लागलं, चूल, विहीर, कण्या, सगळं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि हात पुसले.

"पाय माझा," ती म्हणाली, "आणि भीड तुमची. हा कुठला न्याय?"

मी चिडलो. चिडणारच, तिचं बरोबर होतं.

रविवारी उपासना आटोपून आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. मी उभ्यानं सारं सांगून टाकलं. डॉक्टर आधी माझ्यावर कडाडले, "काल वेगळं सांगितलंस!" मग एकदम खाली बसले. चूल किती उंच, पायऱ्या किती, बारीकसारीक विचारत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मी एवढा वाईट आहे का रे? मला कुणीच का सांगितलं नाही?"

"तुम्ही चांगले आहात म्हणूनच नाही सांगितलं," रेबेका म्हणाली. "भरवणाऱ्या हाताला कोण दोष देईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सशांना तेवढी भीड नव्हती," ते म्हणाले आणि हसले. ते हसू बघवत नव्हतं. निबंधाचे कागद त्यांनी फाडले नाहीत. वर मोठ्या अक्षरात 'खोटं' असं लिहून ठेवून दिले.

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला गेले नाहीत, माझ्याबरोबर तिसगावला आले. रंगुबाईच्या घरात जमिनीवर बसून म्हणाले, "रंगुबाई, मला शिव्या दे, पण खरं सांग." तिनं शिव्या दिल्या नाहीत. पदर तोंडाला लावून रडली, आणि मग तासभर सांगत होती.

रेबेकाची वाटी राहिली. दुसरी रीत डॉक्टरांनी चार महिने अभ्यासली. "मी हे कधी केलेलं नाही, फसूही शकेल," असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. "सांगितलंत ना, मग करा," ती म्हणाली. शीर आत बसवली, पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. त्या दिवसांत घरात भाकऱ्या मी केल्या. त्यांच्याबद्दल ती काय बोलली ते इथं लिहीत नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तिला तपासायला बोलावलं. खोलीत आम्ही तिघंच. डॉक्टरांच्या हातात टाक, पुढं कोरी वही. "कसं आहे?" त्यांनी विचारलं, आणि टाक दौतीत दोनदा बुडवला. खरं सांगतो, तिच्याऐवजी मीच 'बरं' म्हणून मोकळा होणार होतो.

"वाटी सरकत नाही," रेबेका म्हणाली. "पोरांत बसते, उठते. पण मांडी घातली की दुखतं. उतारावर जास्त. आणि टाक्यांच्या शेजारी हात लावला तर कळतच नाही."

"आणखी?"

"थंडीत ठणकतं. आणि तुम्ही म्हणाला होतात तेवढा गुडघा वाकत नाही."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

डॉक्टरांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. टाक खाली ठेवला आणि उठून उभे राहिले. मग, कंपाउंडरच्या बायकोला, माझ्या रेबेकाला, त्यांनी दोन्ही हात जोडले.