पास वसूल

वन्संनी उभी नोकरी बसच्या आगारात काढली होती, आणि तीही गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात. त्यामुळे धाकटा भाऊ गेल्यानंतरच्या वर्षी भावजयीला घेऊन आठ दिवस हवापालटाला जायचं ठरलं, तेव्हा रेल्वेचा भाग आपसूक त्यांच्याकडे आला. भावजय चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिने रजा मिळवायची, एवढंच तिच्याकडे होतं.

प्रश्न होता पास काढायचा की सुटी तिकिटं. पास म्हणजे आठ दिवस कुठल्याही गाडीत बसा, कुठेही उतरा. तिकिटं आधी काढली तर स्वस्त, पण ठरल्या दिवसाची, ठरल्या गाडीची. वन्संनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. चहा गाळता गाळता भावजय म्हणाली की दोनच गावं करू, समुद्राकाठी कुठेतरी चार दिवस नुसतं राहू. मग तिकिटंच बरी पडतील. हिशेबही तिच्याच बाजूने होता. पण वन्संना पासाची भुरळ पडली होती. त्यांनी तिसरं गाव घातलं, मग चौथं. सातव्या गावाला पास स्वस्त ठरला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. नाल सापडली म्हणून घोडा घ्यावा, त्यातली गत.

"नुसतं राहायला घर काय वाईट आहे?" त्या म्हणाल्या. भावजय हसली आणि तिने चहाचा कप पुढे केला.

मग सुरू झाली पळापळ. हॉटेलं सगळी स्टेशनसमोरची, रात्रभर गाड्यांचे भोंगे. एका गावातलं संग्रहालय त्यांनी बाहेरूनच पाहिलं, दुसऱ्यातला प्रसिद्ध पूल गाडीच्या खिडकीतून. वन्सं मात्र खुशीत होत्या. तपासनीस आला की पास असा काही ऐटीत पुढे करायच्या, जणू रेल्वे त्यांच्या माहेरचीच.

पाचव्या दिवशी एका लहानशा बंदराच्या गावी गाडी बदलायची होती. फलाटावर उतरल्यावर भावजय बराच वेळ नुसती उभी राहिली.

"वन्सं, आज इथेच राहिलो तर?"

वन्संनी घड्याळ पाहिलं. पुढची खोली ठरलेली आहे, अजून दोन गावं बाकी आहेत, पास वसूल व्हायला नको का, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि इथे आहे तरी काय?"

"काही नाही. हवा बरी आहे."

जरा बाहेर चक्कर मारून येते म्हणून ती गेली. वन्सं बॅगा राखत बसल्या. ती परतली तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. वन्सं तिच्यावर करवादल्या. ती आपली बॅग उचलून गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला वन्सं पुढच्या गाडीचं बोलत होत्या. भावजय पावाला लोणी लावत होती. ती सहज म्हणाली की कालच्या गावात आमचं पहिलं बिऱ्हाड होतं. बेकरीच्या वरची खोली. जिना अजून तसाच आहे. वर जायला वेळ नव्हता.

वन्संचा हात कपावरच राहिला. भावाने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सगळ्यांनी दोन वर्षं त्याचं नाव टाकलं होतं. तो कुठल्याशा बंदरावर कामाला आहे, एवढंच कानावर आलं होतं. कुठल्या, हे वन्संनी कधी विचारलं नव्हतं. पुढे येणंजाणं सुरू झालं, पण त्या दोन वर्षांचा विषय कुणी काढला नाही.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"जुनं सगळं निघालं असतं. म्हटलं, सुट्टीत कशाला."

वन्सं उठल्याच. आपल्याकडे पास आहे, हव्या त्या गाडीत बसता येतं, आत्ताच मागे फिरू, असं म्हणू लागल्या. भावजयीने मान हलवली.

"काल मनाची तयारी झाली होती, वन्सं. ती रोज होत नाही."

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी ते स्टेशनवर जाऊन बसायचे. दुपारची गाडी येईपर्यंत. मी विचारलं की म्हणायचे, ताईला राग धरता येत नाही, येईल ती."

उरलेली गावं त्यांनी पाहिली. घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, पास परवडला का. वन्सं म्हणाल्या, परवडला.

पुढच्या वर्षी त्यांनी त्या बंदराच्या गावची दोन सुटी तिकिटं काढली. भावजयीने ती पाहिली, आणि तुम्हीच जाऊन या म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर वन्संना जास्त लागलं.

त्या एकट्याच गेल्या. बेकरी सापडली. जिना अर्धा चढल्या तेव्हा वर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने कोण हवंय म्हणून विचारलं. वन्संना सांगायला नाव नव्हतं. चुकून आले म्हणाल्या आणि उतरल्या.

परतीची गाडी संध्याकाळची होती. गावात हिंडावंसं वाटेना, तेव्हा त्या स्टेशनवर येऊन बसल्या. दुपारची गाडी आली. एक तरुण पोरगी उतरली, तिला घ्यायला आलेल्या माणसाने तिची बॅग घेतली, दोघं हसत बाहेर पडली. फलाट रिकामा झाला. वन्सं बाकावर हमसून हमसून रडल्या, आणि भाऊ गेला तेव्हासुद्धा त्या एवढ्या रडल्या नव्हत्या.