नमुन्याचा दोर

मित्रांनो, मी एक दोर आहे. मला आता जुना म्हणतात, पण झिजून जुना होण्याचे भाग्य माझ्या वाट्याला आले नाही. घाटाच्या पायथ्याशी, वैशाखरे गावाजवळच्या एका वाडीत, चांगोच्या घरात, मी खुंटीला टांगलेला असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. आत पांढऱ्या धाग्यांचा पीळ आणि वरून निळ्या-केशरी विणीचे कवच. कडा चढणाऱ्याचा पाय निसटला तर त्याला झेलायचे, एवढ्यासाठीच मला घडवले होते. जड वजने टांगून माझी परीक्षा घेतली, तेव्हा मी कुरकुरलोसुद्धा नाही. मग साठ मीटरचे माझे वेटोळे गाडीत ठेवले. मला वाटले, आता डोंगर दिसणार.

डोंगर दिसला, पण तो प्लायवूडचा होता. शहापूरजवळ महामार्गाला लागून असलेल्या एका सभागृहात गिर्यारोहणाच्या सामानाचे प्रदर्शन भरले होते. प्लायवूडवर चिकटवलेला थर्मोकोलचा कडा, पंपावर चालणारा धबधबा, प्लास्टिकचे गवत. हे सगळे उभारणाऱ्या मजुरांत चांगो होता. त्याने मला त्या खोट्या कड्यावरून खाली सोडले, हातातून सावकाश फिरवले आणि जोडीदार धर्माला म्हणाला, "काय दोर हाय रे. बैल लटकवला तरी तुटायचा नाय."

प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. आतला पीळ दिसावा म्हणून स्टॉलचे इंद्रजीत साहेब तापलेल्या सुरीने माझे वीतभर तुकडे कापत आणि पाहुण्यांना भेट देत. पाहुणे तुकडा निरखून पाहत, छान म्हणत आणि दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून पुढे जात.

शेवटच्या संध्याकाळी सगळे मोडायला घेतले. नवे कोरे गालिचे गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत गेले. ज्यांत कोणी एकदाही झोपले नव्हते, ते तंबूही गेले. थर्मोकोलचा कडा लाथांनी फुटला. मी अजून बराच उरलो होतो. चांगो साहेबांसमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, उरलेला दोर नेऊ का? आमच्याकडं खरं कडं हायत. कोन ना कोन पडतो."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "देता आला असता तर दिला असता रे. पण नमुन्याचा माल फुकट बाहेर गेला की आमचे दुकानदार ओरडतात. कापूनच टाकायचा, असा कंपनीचा नियम आहे." आणि त्यांनी सुरी चांगोच्याच हातात दिली.

चांगोने मला कापले. साहेब पाठमोरे झाल्यावर शेवटचा एक तुकडा त्याने जरा लांब ठेवला, दोन पुरुष उंचीएवढा. कचरा भरताना तो कमरेला गुंडाळून त्याने घरी आणला. घरी मी लाकडाच्या मोळ्या बांधू लागलो. त्या कामातही मला आनंद होता.

पुढच्या उन्हाळ्यात चांगोची धाकटी बहीण काशी करवंदे काढायला डोंगरावर गेली. घाटरस्त्याला बसून ती करवंदे विकायची. सुक्या मुरमावरून तिचा पाय सरकला आणि ती कड्याच्या अंगातल्या एका अरुंद कपारीवर अडकली. पाय मोडला होता. दोन्ही हातांनी तिने एक झुडूप धरले होते.

चांगो मला घेऊन धावत आला. झाडाला बांधून त्याने मला खाली सोडले. मी ताठ झालो, लोंबलो आणि काशीच्या डोक्यावर हातभर अंतरावर थांबलो. तिने एक हात वर केला.

"दादा, नाय पोचत."

"थांब गो. धर्मा गुरांची दावी आणाया गेलाय. जोडू. तू नुसती धरून ऱ्हा."

"धरलंय. पन झुडूप हालतंय रे."

चांगो मला धरून खाली उतरू लागला, तेव्हा दोघेही जातील या भीतीने वाडीतून धावत आलेल्या लोकांनी त्याला मागे ओढले. धर्मा दावी घेऊन चढावर दिसला, आणि त्याच वेळी झुडूप मुळासकट सुटले. काशी खाली दरीत गेली. मी तसाच लोंबत राहिलो. माझ्या धाग्यांत तिच्यासारख्या दहा जणींना पेलण्याची ताकद होती.

तिचे दिवस झाल्यावर चांगोच्या बायकोने, रखमीने, मला चुलीत घालायला उचलले. "हा मेला कामाला नाय आला," ती रडत म्हणाली.

चांगोने मला तिच्या हातून काढून घेतले. "त्याला नको बोलू," तो म्हणाला. "तो लांब व्हता. मी कापला."

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. मोळी बांधायलाही मला कोणी काढत नाही.

मित्रांनो, वस्तू वापरून झिजली तर तिचे दुःख करू नका. पण चांगली वस्तू नुसती दाखवून टाकून देणार असाल, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाचे एकदा ऐका. तिची गरज कोणाला आहे, हे त्याला ठाऊक असते. नियम लिहिणाऱ्याने काशीला कधी पाहिलेच नव्हते.