पडद्यावरच्या किल्ल्या

"अम्माजी, ये गुच्छा हटाना पडेगा," एक्स-रेवाला म्हणाला.

"का? तुझ्या मशीनला चावतो?"

मी टेबलावर आडवी होते. शेजारच्या टीव्हीसारख्या पडद्यावर माझ्या खुब्याचं हाड, आणि नेमक्या त्याच्यावर कमरेच्या किल्ल्या. काळ्याकुट्ट, दातांसकट.

इंदूरचे डॉक्टर दर गुरुवारी देवासला येत. म्हणाले, "माई, अंदाजाने टोचलं तर सांधा चुकतो. पडद्यावर बघत सुई आत न्यायची आहे. किल्ल्यांखाली मला सांधाच दिसत नाही."

आता यांना काय सांगू? या किल्ल्यांसाठीच तर सुई घ्यायला आले होते. गेल्या नवरात्रात कोठीच्या उंबऱ्यावर माझा पाय अडला, कुळधर्माचा स्वयंपाक खोळंबला. तेव्हा रत्नाकर, माझा पोटचा मुलगा, सवाष्णींसमोर म्हणाला, "आई, किल्ल्या शशिकलेला देऊन टाक. तुझ्याच्यानं आता होत नाही." आमच्याकडे कोठी उघडते तीच घरची बाई. सासूबाईंनी ही जुडी मला मरायच्या दिवशी दिली, आदल्या दिवशी नाही. मी म्हटलं, होत नाही काय? उंबरा ओलांडून दाखवते.

सुनेला आत बोलावलं. जुडी तिच्या ओंजळीत टाकली. "सांभाळ जरा वेळ."

"हो माई."

सुई आत गेली. मी हूं की चूं केलं नाही. तासाभराने काठी न टेकता पायऱ्या उतरले. पुढे शशिकला, तिच्या कमरेला खुळखुळ. मी हात पुढे केला, तर रत्नाकर म्हणाला, "राहू दे ना आई. दोन दिवस पडून राहायला सांगितलंय, तुला कशाला लागतात?"

हात मागे घेतला. माझी वस्तू मी दोनदा मागायची?

तिसऱ्या दिवशी उठले. खुबा लोण्यासारखा. ताठ चालत कोठीपाशी गेले, उंबरा ओलांडला. दार उघडंच होतं. शशिकला डाळ काढत होती. जुडी तिच्या कमरेला नीट बसली होती, सैल नाही की घट्ट नाही.

"अगंबाई, चालत आलात?" तिला खरंच आनंद झाला होता. "काय हवंय माई? सांगा ना, मी देते काढून."

माझा हात आपसूक कमरेकडे गेला. तिथे नुसता पदर. तो खोचला.

"पाणी," मी म्हटलं.

माठ माझ्या खाटेशीच होता. तिलाही ते ठाऊक होतं. आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर आलो, तिने कोठीला कुलूप घातलं आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.