बरणी अजून बुडबुडतेय

कुशाबाला बियर करायला शिकवली ती खडकीच्या छावणीतल्या एका गोऱ्या सार्जंटानं. मोड आलेले सातू भरडून उकळायचे, गूळ घालायचा, पाववाल्याकडचं खमीर सोडायचं आणि बरणीचं तोंड फडक्यानं बांधायचं. आणि मग? मग गप बसायचं! सारखं उघडून बघणारा बियर नासवतो. बाहेरून नुसता कान लावायचा. आत बुडबुड चालू आहे तोवर हात लावायचा नाही. सात-आठ दिवसांनी ती थांबली आणि लागोपाठ दोन दिवस थांबलेलीच राहिली, की मगच चाखायची.

गोरे गेले, वर सरकारनं दारूबंदी आणली. पण कासार आंबोलीत कणगीमागं कुशाबाची बरणी वर्षातून एकदा बसायचीच. पोरगा भैरू होता तेव्हा बापलेक आळीपाळीनं कान लावायचे. भैरू तापानं गेला. घरात उरले दोघंच, म्हातारा आणि त्याची सून साळू.

भैरूच्या वर्षश्राद्धाला साळूचा भाऊ गेणबा जवळच्या चांदे गावाहून आला. म्हणाला, "मामा, भण माझी तरणी हाय. न्हेतो तिला. चांगलं घर बगून पाट लावून देऊ."

खोटं काय बोलला तो? पण ती गेली की घरात कुशाबा एकटाच उरणार होता. "व्हय बाबा," तो म्हणाला. "भैरूच्या नावानं आजच बरणी बसवलीया. ती झाली की ये. दोन घोट घिऊ, मंग न्हे."

आठव्या दिवशी बुडबुड मंदावली. साळू पाण्याला गेलेली बघून म्हाताऱ्यानं फडकं सोडलं आणि गुळाचा खडा आत टाकला. बरणी पुन्हा जोरात चालू! गेणबा आला, कान लावून हात हलवत परत गेला. मग खडा रोजचाच झाला. अहो, साठी उलटलेला माणूस, पण पोरासारखा चोरून गूळ टाकायचा!

पंधरवड्यानं गेणबा पुन्हा आला आणि वैतागलाच. "मामा, ही बियर हाय का कोर्टातली तारीख? सोमवारी येतो, झाली तर झाली!"

तो गेल्यावर साळू चूल फुंकत होती. बावीस वर्षांची पोर. कुशाबाला स्वतःची लाज वाटली. आपल्या दोन भाकरींपायी हिचा जन्म जाळायचा का? त्यानं त्या दिवसापासून गूळ बंद केला.

चार दिवसांनी सोमवार उजाडला. मन घट्ट करून त्यानं कान लावला. आत बुडबुड चाललीच होती, चांगली जोरात! हे कसं काय? त्यानं फडकं सोडलं. वर ताजा फेस, आणि काठाला ओला गूळ चिकटलेला.

मागं साळू उभी होती. तिची बोटं चिकट होती.

"तू?" कुशाबा म्हणाला. "अगं, जायाचं न्हाई तर तोंडानं बोलायचं की!"

साळूला रडू फुटलं. "दादा ठरवून आला. तुमी लगीच व्हय म्हनलात. मामंजी, मला इचारलं कुनी?"

खरंच की! कुणीच विचारलं नव्हतं. तेवढ्यात अंगणातून गेणबाची हाक आली. कुशाबा दाराकडं निघाला, अन् मध्येच वळला.

"आता इचारतो, पोरी. तुला काय पायजे?"

"मला हितंच ऱ्हायाचंय," साळू म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की अंगणात गेणबा जागच्या जागी थांबला.