कोणी न खाल्लेली फुले

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे. सिंदेवाहीच्या पलीकडे, जिथे धानाची शेते संपतात आणि जंगल सुरू होते, तिथल्या एका लहान गावात अन्नपूर्णाबाईंच्या ओसरीवर मी टांगलेली असते. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला थोडी भीती वाटेल. वाटू द्या.

जंगू नावाच्या बुरडाने मला विणले. हिरव्या बांबूच्या कामट्या काढताना तो एक अक्षर बोलत नसे. विणून झाल्यावर त्याने मला पाण्याने भरलेल्या घागरीवर उपडी ठेवले, वरून हाताने दाबले आणि माझा तळ पक्का झाल्याची खात्री केली. मूल गावच्या बाजारात अन्नपूर्णाबाईंनी मला उचलले, फिरवून पाहिले आणि सरळ डोक्यावर ठेवले. त्यांच्या डोक्यावर मी अशी बसले, जणू तिथेच बसण्यासाठी मला विणले होते.

माझे खरे काम उन्हाळा लागताना सुरू होई. त्या दिवसांत मोहाची झाडे पहाटेपासून फुले गाळतात. पिवळसर, रसाळ, गोड वासाची फुले. गावातल्या बाया उजाडायच्या सुमारास जंगलात जातात, वाकून एकेक फूल वेचतात, घरी आणून अंगणात वाळवतात आणि मग विकतात. आमच्यासोबत नेहमी दोघीजणी असत. एक अन्नपूर्णाबाईंची धाकटी जाऊ कांता, आणि दुसरी शेजारची रंभा. रंभा चालताना सतत बोलायची. तिच्या बोलण्याने वाट लवकर सरायची.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. मोहफुले फक्त माणसांना आवडतात असे नाही. चितळ, रानडुकरे, अस्वले, सगळी त्यांच्यावर तुटून पडतात. आम्ही पोहोचायच्या आत कोणी ना कोणी खाऊन गेलेले असे. सडा विस्कटलेला, फुले चिरडलेली, मातीत खुरांचे ठसे. बाया कुरकुरत आणि उरलेली फुले वेचत.

त्या दिवशी नाल्यापलीकडच्या मोठ्या मोहाखाली आम्ही पोहोचलो तेव्हा सडा जसाच्या तसा होता. एकही फूल चिरडलेले नव्हते. झाडाखाली जणू कोणी पिवळी चादर अंथरली होती. अन्नपूर्णाबाईंचा चेहरा फुलला.

"आज कोणाचंच तोंड लागलं नाई," त्या म्हणाल्या. "सगळं आपलंच."

तिघी तीन बाजूंना पांगल्या. फुले इतकी होती की रंभासुद्धा बोलायची थांबली. मी भरत चालले होते. मग रंभाचा आवाज आला. एकदाच, तोही पुरता नाही. मागच्या झुडपात काहीतरी ओढत नेल्यासारखी पाने वाजली आणि पुन्हा सगळे शांत झाले. रंभाची टोपली उपडी पडली होती. रंभा तिथे नव्हती.

त्यानंतर गावात काय झाले ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता तसेच. माणसे धावली. वनविभागाची गाडी आली, पंचनामा झाला. पुढे रंभाला मारणारा तो वाघ बेशुद्ध करून पिंजऱ्यातून नेला. कोणी वाघाला दोष दिला, कोणी वनविभागाला, कोणी रंभाच्या नशिबाला. दोष वाटून झाला तशी माणसे आपापल्या कामाला लागली. जंगलात वाघ काही एकच नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्यावर कोणी बोलत नव्हते.

रंभाचा नवरा लहानू कोणालाच दोष देत नव्हता. एका संध्याकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. अन्नपूर्णाबाई मला झाडून ठेवत होत्या.

"बाई," तो म्हणाला, "तू होतीस तिथं. काय झालं ते मले सांग."

त्यांनी सांगायला तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले की आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही. त्या तिथे होत्या, पण त्यांनी काही पाहिलेच नव्हते. फुले पाहिली होती, तेवढीच. लहानू आला तसा निघून गेला. अन्नपूर्णाबाई मात्र अंधार पडेपर्यंत मला मांडीवर घेऊन तशाच बसून होत्या.

पुढचा हंगाम आला. पोटासाठी जंगलात जावेच लागते. अन्नपूर्णाबाई गेल्या, कांता गेली, आणखी काही बायाही आल्या. वाटेत वानरे खकरू लागली. वाघ दिसला की ती असे ओरडतात. अन्नपूर्णाबाई किंचाळल्या, "पळा!" सगळ्या बाया पळत सुटल्या. टोपल्या सांडल्या, कांता दगडावर पडली आणि तिचा गुडघा फुटला. मागून निघाले एक मोकाट कुत्रे. वानरे त्याच्यावर ओरडत होती.

बायांनी अन्नपूर्णाबाईंना तोंडावर काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवसापासून बाया त्यांना टाळून वेगळ्या वाटेने जाऊ लागल्या, एवढेच.

पळापळ झाली त्याच दुपारी अन्नपूर्णाबाई अंगणात बसल्या. पुढ्यात मी होते, माझ्यात तळाशी थोडी फुले. त्या सकाळची वाट मनातल्या मनात पुन्हा चालू लागल्या. घरापासून, शेताकडच्या पांदणीपासून, एकेक पाऊल. मी हे जाणते, कारण त्या अधूनमधून पुटपुटत होत्या. इथे वळलो. इथे कांता थांबली. इथे वानर ओरडले. तेव्हा मी कुठे पाहत होते, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. मग हळूच म्हणाल्या, "मी आज जंगल पाह्यलंच नाई. मी रंभालेच पाहून राह्यली होती."

मित्रांनो, मला वाटते त्या क्षणी त्यांच्या शिकण्याला सुरुवात झाली. भ्यायलेले माणूस सावध असते असे आपण समजतो. पण त्या दिवशी त्या नुसत्या भ्यायल्या होत्या, सावध नव्हत्या. हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगितले असते तर राग आला असता. त्यांनी स्वतःच शोधले, म्हणून पटले.

तेव्हापासून त्या रोज बसू लागल्या. फुले वाळत घालताना, उलटताना, सकाळची वाट परत चालायच्या. आपण काय पाहिले, काय ऐकून न ऐकल्यासारखे केले, कुठे घाई केली. कांताला हे आवडत नसे. ती म्हणायची, "बाई, झालं ते झालं. काऊन उगाच उकरून राह्यली?" अन्नपूर्णाबाई फुले उलटत राहत. त्या पुन्हा पुन्हा मागे जात होत्या आणि हळूहळू रंभा गेली त्या जुन्या सकाळपर्यंत पोहोचत होत्या. तिथे जायला त्यांचे पाऊल उचलत नसे. नाला आला की त्या उठून घरात जायच्या. चुलीकडे काहीतरी काम काढायच्या.

एका दुपारी मनातल्या मनात त्या नाला ओलांडून गेल्या. मोठ्या मोहाखाली पोहोचल्या. त्यांचा हात फुलांवर फिरता फिरता थांबला.

सडा जसाच्या तसा होता. एकही फूल चिरडलेले नव्हते.

त्यांनी हे त्या दिवशी पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते, बोलून दाखवले होते. त्याचा आनंद झाला होता त्यांना. पण इतकी गोड फुले कोणीच का खाल्ली नाहीत, हे मनात आले नव्हते. चितळ आले नव्हते. डुकरे आली नव्हती. सगळ्या जंगलाला कळले होते की त्या झाडाजवळ कोण बसले आहे, आणि माणसे तेवढी तिथे हसत गेली होती.

त्यांनी पदर तोंडात कोंबला. संध्याकाळी त्या लहानूच्या घरी गेल्या. मी त्यांच्या कमरेवर होते.

"भाऊ, तू विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तवा मले सांगता नाई आलं. आता सांगतो." आणि त्यांनी सगळे सांगितले. सडा, आपला आनंद, आपण उच्चारलेले शब्दसुद्धा वगळले नाहीत.

लहानूने मान खाली घालून ऐकले. तो रागावेल असे मला वाटले. पण तो म्हणाला, "हे बाकीच्या बायायले सांग."

त्यांनी सांगितले. पण पळापळीचा तो दिवस बाया विसरल्या नव्हत्या. कोणी हुं केले, कोणी तेही नाही.

त्या पुढच्या हंगामात फक्त कांता आमच्यासोबत येत होती, तीही जावेला एकटे सोडता येत नाही म्हणून. एका सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याच्या मोहाकडे निघालो. वानरे ओरडत नव्हती. पाखरे रोजच्यासारखी बोलत होती. ऊन कोवळे होते. भिण्यासारखे काहीही नव्हते. आणि झाडाखाली फुलांचा अख्खा सडा पडला होता.

अन्नपूर्णाबाई थांबल्या. मागच्यासारख्या त्या ओरडल्या नाहीत. खाली पाहिले, मातीत पाहिले, एकही ताजे खूर नव्हते. कांता तोवर पुढे जाऊन वाकलीसुद्धा होती.

"कांता," त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "उभी राय."

कांताने ऐकले नाही. हात भराभरा चालले होते.

"वाकू नको. उभी राय आन् माह्याकडं पाय."

या वेळी कांता उठली. ती वैतागून काही बोलणार, तेवढ्यात तिच्या मागच्या घाणेरीच्या झुडपात एक पिवळा पट्टा हलला. झुडूप इतके जवळ होते की तिने हात लांबवला असता तर पाने हाताला लागली असती.

अन्नपूर्णाबाईंनी मला डोक्यावरून उतरवून दोन्ही हातांनी उंच धरले आणि त्या मोठ्याने बोलायला लागल्या. कांताशी, झाडाशी, वाघाशी, देव जाणे कोणाशी. "हळू ये. त्याले पाठ नको दाखवू. पळू नको. ये माय, ये." कांता झुडपाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत आली. दोघी एकमेकींना चिकटल्या आणि तशाच तोंड समोर ठेवून मागे मागे गेल्या. उतारावर अन्नपूर्णाबाईंचा पाय निसटला आणि मी त्यांच्या हातून पडले. त्यांनी मला उचलायला वाकायचे नाही, हे लक्षात ठेवले. त्या गेल्या. मी राहिले.

मग तो बाहेर आला.

तो घाईत नव्हता. त्याने माझ्यावर तोंड आणले. त्याचा श्वास माझ्या विणीतून आरपार गेला, गरम, कुजका. त्याने माझ्या तळाला चिकटलेली फुले हुंगली आणि एक पंजा माझ्या काठावर ठेवला. काही मारायला नव्हे, सहज. माझा काठ कडकन मोडला. त्यानंतर तो माझ्या शेजारीच सावलीत बसला. ऊन वर चढले तरी तो तिथेच होता, आणि त्याचे डोळे सबंध वेळ गावाच्या वाटेवर होते. त्याच्याजवळ किती धीर होता ते मी पाहिले आहे. तो वाट पाहू शकतो. आपण विसरेपर्यंत तो वाट पाहू शकतो.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक पवन आपल्या माणसांसोबत आले आणि त्यांनी मला परत आणले. अंगणात बाया जमल्या होत्या. माझ्या मोडक्या काठावरून हात फिरवत एकीने म्हटले, "बाई, आमाले बी ती खूण शिकव."

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "ती खूण त्या दिवसाची होती. उद्याची दुसरी राहील. आपली सकाळ आपणच पुन्यांदा पाहाची, तवाच दिसते."

मग कांता बोलली.

"बाईनं पहिल्यांदा म्हणलं, तवाच मले ऐकू आलं होतं. तरी मी वेचतच राह्यली. म्हणलं, एवढी मूठ घेतो, मंग उठतो."

अंगणातल्या सगळ्या बायांनी माना खाली घातल्या. प्रत्येकीला आपली एकेक मूठ आठवली असावी. त्या दिवसापासून फुले वाळत घालताना त्या एकत्र बसतात आणि जी ती आपली सकाळ सांगते. दुसरीची चूक सांगायची नाही, एवढाच नियम.

मित्रांनो, आता अन्नपूर्णाबाईंचे गुडघे चालत नाहीत. माझ्यातही आता फुले राहत नाहीत. कांताची मुलगी रंजीता नवी टोपली घेऊन जाते. परवा ती आली, फुले ओतली आणि मोबाइल घेऊन आत निघाली. अन्नपूर्णाबाईंनी तिला जवळ बसवले. ती चुळबुळत बसली. नंतर तिचा अंगठा मोबाइलवर थांबला.

"मोठी माय," ती सावकाश म्हणाली, "आज गाई नाल्यावर पाणी प्यायल्याच नाईत. तहानल्या होत्या, तरी मागं फिरल्या. मी म्हणलं, पाणी गढूळ असंल."

अन्नपूर्णाबाईंनी लगेच पवनला फोन करायला लावला. त्या बाजूला दुसऱ्या दिवशी कोणी गेले नाही. दुपारी पवन सांगून गेले की नाल्याच्या काठावर, बाया उतरतात तिथेच, ओल्या मातीत मोठ्या वाघिणीचे ठसे आहेत आणि तिच्यासोबत पिलांचे.

तुमच्या वाटेवर वाघ नसेलही. पण रोज संध्याकाळी थोडा वेळ बसा आणि आपला दिवस पुन्हा एकदा चालून पाहा. कोणाला दोष देऊ नका, स्वतःलाही मारत बसू नका, फक्त नीट पाहा. रंजीताने ते पाणी मनात पुन्हा पाहिले नसते, तर दुसऱ्या दिवशी ती तिथेच उतरली असती.

आज ती दुसऱ्या वाटेने गेली आहे. ऊन अंगणात आले आहे. अन्नपूर्णाबाई दाराशी बसून तिची वाट पाहत आहेत.