कोळंबीच्या डब्याची गाठ

"मावशी, खरं सांगा. माशांना चोरून कोण खायला घालतं?"

फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं पिळलं. "मला नका विचारू, काका."

म्हणजे पाणी इथेच मुरतंय, असं टाकीवाल्या काकांच्या मनानं घेतलं.

दातांच्या दवाखान्यातली ती खाऱ्या पाण्याची टाकी काका एकोणीस वर्षं सांभाळत होते. आत विषारी काट्यांचा लायनफिश आणि दगडाखाली दबा धरून बसणारी सापासारखी वाम, दोघेही अट्टल शिकारी. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडाव्यात, तर हे आधी गोगलगायीच फस्त करणार. म्हणून काका हात आखडता घ्यायचे. दिवसाआड सकाळी कोळंबीचे तीन तुकडे, बस्स. जास्त घातलं की पाण्यात घाण होते आणि शेवाळाचं फावतं.

तरी दोन महिने काच हिरवीगार होत होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "महिनाअखेर साफ दिसली नाही तर टाकी काढून टीव्ही लावते." काकू गेल्यापासून घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. इथे निदान लायनफिश काचेपाशी यायचा. टाकी गेली तर उद्यापासून जायचं कुठे, असा प्रश्न काकांना पडायचा.

संशय आधी रिसेप्शनवरच्या मुलीवर गेला, मग कंपाउंडरवर. पुढे पुढे तर खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटवरही. शेवटी सोमवारी सकाळी काकांनी खाणं घातलं, उरलेले एकवीस तुकडे मोजले, आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकला आणि डबा दोऱ्यानं बांधून फ्रीजमध्ये ठेवला. गाठ वडिलांची. ते मासेमारीची जाळी विणत, त्यांनीच ती शिकवलेली. काकूंना ती उभ्या जन्मात सुटली नाही, त्या सरळ कात्री घ्यायच्या.

दुपारी पाण्याचा खारटपणा तपासायला ते नेहमीप्रमाणे येऊन गेले. मंगळवारी सकाळी डबा काढला. गाठ शाबूत होती. काका खुशीत आले. आत तुकडे अठरा निघाले.

त्यांनी पुन्हा मोजले. दोरा तोच, गाठ तीच. आणि ही गाठ मारता येणारं माणूस या दवाखान्यात एकच होतं.

मावशी फडकं घेऊन मागे उभ्या होत्या. "काल दुपारी तुम्हीच घातलंत, काका. मागच्या आठवड्यातही. सकाळचं विसरता तुम्ही."

"मग बोलला का नाहीत? मी तुमच्यावर आळ घेतला तरी?"

"आळ काय, पुसला की जातो. पण बाईंच्या कानावर गेलं असतं, तर तुम्हाला इथे येऊ दिलं असतं का?"

काका स्टुलावर बसले. ते फार घाबरले होते. त्यांनी डबा मावशींच्या हातात दिला. "हा आता तुमच्याकडे. मी मागितला, भांडलो, तरी दिवसाआड एकदाच द्यायचा."

महिनाअखेर काच लख्ख झाली. "जमवलंत की काका!" म्हणत डॉक्टरीणबाई आत गेल्या.

त्याच दुपारी काका मावशींकडे आले. "डबा द्या बरं. आज यांच्या पोटात काही नाही."

"सकाळी घातलंय, काका. तुम्हीच."

काकांनी मावशींकडे संशयानं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. काचेपलीकडे लायनफिश तोंड उघडून वाट बघत होता. मग ते फडकं घेऊन आले आणि स्वच्छ काच पुन्हा पुसू लागले.